विमानाच्या पाठीवरचा देव

मी एक जुना अँटेना आहे. तळहाताएवढा, पालथ्या वाटीच्या आकाराचा आणि अंगानं पांढरा. निदान जन्मलो तेव्हा पांढरा होतो. आता माझ्यावर शेंदराचा जाड थर आहे, आणि त्या थराखाली काय आहे ते मी तुम्हाला सांगणार आहे. मित्रांनो, मुलांना गोड गोष्टी सांगाव्यात असा रिवाज आहे. माझी गोष्ट गोड नाही. ज्यांना गोडच हवं असेल त्यांनी समोरच्या कारखान्यात जावं, तिथं साखरेची पोती रचून ठेवलेली आहेत.

माझा जन्म दूर परदेशात झाला. स्वच्छ टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझ्या पोटात चिनी मातीची एक वडी बसवली, तिच्यावर धातूचा पातळ पत्रा चिकटवला आणि वरून प्लास्टिकचं झाकण घातलं. माझं काम ऐकण्याचं. आकाशात फार उंचावर उपग्रह फिरत असतात आणि ते सतत हाका मारत असतात. त्या हाका इतक्या बारीक असतात की माझ्याशिवाय कुणाला कळत नाहीत. मी त्या ऐकायच्या आणि तारेतून खाली पायलटसमोरच्या डब्याला सांगायच्या. चार उपग्रहांच्या हाका मिळाल्या की डबा सांगतो, तुम्ही पृथ्वीवर अमुक ठिकाणी आहात. यालाच जीपीएस म्हणतात. आज ते तुमच्या आईबापांच्या खिशात असतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी आलो ते १९९३ साल होतं, आणि तेव्हा मला बघायला माणसं बैलगाड्या जुंपून आली होती.

माझी अट एकच. माझ्या आणि आकाशाच्या मध्ये धातू नसावा. पाऊस चालतो, धूळ चालते, कावळ्याची घाणसुद्धा चालते. धातू मात्र अगदी पातळ असला तरी मी ठार बहिरा होतो.

परभणी जिल्ह्यात, गंगाखेडहून सोनपेठकडे जाताना, गोदावरीच्या अंगाला ऊसच ऊस आहे. तिथल्या एका साखर कारखान्यानं उसाचा रस शोषणारी पाकोळी नावाची कीड मारायला फवारणीचं विमान भाड्यानं आणलं होतं. एका इंजिनाचं, एका माणसाचं, पोटात विषाची टाकी असलेलं छोटं विमान. मुरूम दाबून केलेली धावपट्टी आणि तिच्या टोकाला पत्र्याचं शेड, एवढाच सगळा विमानतळ. विमान चालवायचे कॅप्टन बन्सीधर. ते हैदराबादकडचे होते. विमानातले रेडिओ सांभाळायचा पंडित. तो शेडच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीतला. परभणीला रेडिओचं शिक्षण घेऊन तो विमान कंपनीत लागला होता. विमानात मला बसवावं म्हणून दोन वर्षं कंपनीच्या मागे लागला तो हाच पंडित.

का लागला ते ऐका. वरून बघितलं तर सगळा ऊस सारखाच दिसतो. कुणाच्या उसावर औषध टाकायचं ते पायलटला कळावं म्हणून त्या शेताच्या कडेला एक माणूस बांबूला पांढरं कापड बांधून उभा करायचे. त्याला झेंडेवाला म्हणायचे. विमान त्याच्या डोक्यावरून जायचं, विष सोडायचं, वळून परत यायचं. तोवर झेंडेवाल्यानं थोडं पुढं सरकून उभं राहायचं. उसावर पडायचं तेच त्याच्याही अंगावर पडायचं. तोंडाला बांधायला उपरणं, बाकी काही नाही. हे काम नेहमी पंडितच्या वस्तीकडंच जायचं. गावातल्या कुणी ते कधी मागितलं नाही आणि त्यांना कधी कुणी सांगितलंही नाही. पंडितचा बाप तात्याराव कितीतरी हंगाम झेंडा धरत आला होता. त्याचे डोळे सदा पाझरायचे, हातांची कातडी सोलायची, आणि खोकला लागला की तो शेडच्या खांबाला धरून खाली बसायचा.

मी आलो आणि झेंडे बंद झाले. डबा कॅप्टनसाहेबांना नेमक्या शेतावर न्यायचा, पुढच्या ओळी ते नजरेनं धरायचे. गोदावरीवर धुकं असलं तरी अडायचं नाही. साहेब उतरल्यावर डब्यावर थाप मारून म्हणायचे, "शाब्बास." शाबासकी डब्याला मिळायची, ऐकायचो मी. पण मला राग नव्हता. तात्याराव शेडच्या सावलीत बसून बिडी ओढताना दिसायचा आणि झेंड्याच्या बांबूवर त्याची सून कुसुमबाई धुणं वाळत घालायची. मला तेव्हा फार बरं वाटायचं. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते, आणि ते एका पावसाळ्यात संपले.

दसरा आला. दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. पंडितही बापाला आणि बायकोला घेऊन गेला. इकडे कारखान्याचा शिरस्ता असा की हंगामाच्या पूजेआधी सगळ्याला चांदी रंग द्यायचा. टाक्या, नळ, कठडे, वजनकाट्याची खोली, फाटक, जे लोखंडी दिसेल ते. या रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते, म्हणून तो चमकतो. त्या वर्षी कारखान्याचे संचालक व्यंकटराव शेडमध्ये आले, विमानाभोवती फिरले आणि रंगाऱ्याला म्हणाले,

"सटवाजी, पूजेला समदं चमकायलंय, आन् इमानच कामून मळकं? त्याला बी मार हात."

सटवाजी वाईट माणूस नव्हता. सांगितलेल्या कामात त्यानं कधी कुचराई केली नाही, हाच त्याचा गुण. तो शिडी लावून विमानाच्या पाठीवर आला. मी त्याला दिसलो. हे काय आहे, असं विचारायला तिथं कुणी नव्हतं आणि त्यानं विचारलंही नसतं. त्यानं माझ्यावर कुंचला फिरवला. तो वाळल्यावर पुन्हा एकदा फिरवला. माझ्या डोक्यावर धातूचं झाकण बसलं. आकाशातल्या हाका थांबल्या. माणसांचं बोलणं तेवढं ऐकू येत राहिलं, आणि ते ऐकण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. व्यंकटरावांच्या पत्नी पार्वतीबाई हळदकुंकू घेऊन आल्या. विमानाच्या पाठीवरचा माझा चांदीचा उंचवटा बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "हा तं देवच हाय की. ह्याला शेंदूर लावा." लगेच तेलात कालवलेला शेंदूर आला आणि माझ्यावरची चांदी त्याखाली दिसेनाशी झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. कुणीतरी मला विमानोबा म्हणालं आणि ते नाव चिकटलं. मित्रांनो, देव होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. देवाला काही विचारत नाहीत.

सण झाल्यावर विमान उडालं आणि डब्यावर उपग्रहांचा आकडा आला, शून्य. कॅप्टनसाहेब भलत्याच शेतावरून फिरून परत आले. तोवर पंडित नागपूरहून आला होता. त्यानं वेळ न घालवता काम सुरू केलं. आधी विमान शेडच्या पत्र्याखालून बाहेर मोकळ्यावर ढकलून नेलं आणि वाट बघितली, कारण उपग्रह सापडायला थोडा वेळ लागतो. शून्यच. मग त्यानं फ्यूज बघितला, बॅटरी बघितली. बोलायचा रेडिओ बंद करून बघितला, कारण कधीकधी त्याच्या गोंगाटात माझं ऐकणं दबतं. डब्यापासून छतापर्यंतची तार हातानं चाचपत तपासली, तिची टोकं काढून घासली. मी वरून त्याची एकेक पायरी ऐकत होतो. तो बरोबर वाटेनं माझ्याकडंच येत होता. डबा हैदराबादला पाठवला तर तिथून तो चांगला आहे म्हणून परत आला.

"साहेब, डबा चांगला, तार चांगली," पंडित कॅप्टनसाहेबांना म्हणाला. "आता वरची चकती तेवढी ऱ्हायली. आत पाणी शिरलं आसंल. काढून बगावं लागंल."

"मग बघ की," साहेब म्हणाले.

पंडितनं शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच राखणदार भुजंग धावत आला आणि त्यानं शिडी धरली. पाठोपाठ व्यंकटराव आले.

"कुठं चाललास?"

"चकती बगायची मालक. बिघाड तिथंच हाय."

"तिथं पूजा झालीय. तुला ठावं हाय न्हवं? खालून काय करायचं ती कर."

"खालून समदं झालं, मालक. हात लावल्याबिगर कसं कळंल? म्या न्हाई चढत तं कॅप्टनसाहेबाला चढू द्या. म्या खालून सांगतो."

व्यंकटरावांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांना शिडी चढायला काहीच हरकत नव्हती. त्यांनी नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पुढच्या वर्षीचं काम कारखान्याकडूनच मिळायचं होतं. ते म्हणाले, "तशी ती बंद डबीच आहे. तिच्यात बिघडण्यासारखं काय असणार?" हे बोलताना ते आपल्या बुटांकडे बघत होते.

"मंग उद्यापास्नं झेंडे लावा," व्यंकटराव म्हणाले. "आमचा ऊस काय पंडितच्या डब्यावर आडून ऱ्हाईल?"

वस्तीतली तरणी माणसं झेंड्याला नाही म्हणाली. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. गावागावांत माणसं तापलेली होती आणि वस्तीनं कुठलंही काम नाकारलं की गावात त्याची चर्चा व्हायची. व्यंकटराव पंडितला म्हणाले, "कोणी येत न्हाई? मंग तूच ऱ्हा उभा. तुमचाच डबा, तुमचाच झेंडा." पंडित बांबू उचलायला वाकला. तात्यारावानं तो त्याच्या हातातून घेतला.

"तू डबा बग लेकरा," तो म्हणाला. "तुला त्यातलं कळतंय. मला ह्यातलं कळतंय."

"आबा, तुमी न्हाई. तुमच्यानं आता व्हायचं न्हाई."

"किती दिस? तू दुरुस्त करस्तोर. कर लवकर."

पुढचे काही दिवस मी रोज त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गेलो. खाली तो कसा उभा आहे ते मला दिसत नव्हतं, पण उतरल्यावर त्याचा खोकला ऐकू यायचा. मी जर बहिरा नसतो तर तो सावलीत बसला असता. मला सगळं ठाऊक होतं आणि माझ्याजवळ सांगायला तोंड नव्हतं. पंडित रोज नवीन कुणापुढं तरी जाऊन बोलायचा. तो सटवाजीपुढंही बोलला, "मामा, तुमीच जरा वर जाऊन ती चकती काढून द्या." सटवाजी म्हणाला, "मला नगं सांगू बाबा. देवाचं काम हाय." कुंचला फिरवताना त्याला देव आठवला नव्हता.

शेवटी एके दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, पंडित चढला. मला शिडीचा आवाज आला, मग त्याचा श्वास. त्याची बोटं माझ्यापासून वीतभर लांब होती. एकदा नखानं खरवडलं असतं तर त्याला चांदी दिसली असती. तेवढ्यात भुजंगानं खालून शिडी ओढली. पंडित मुरुमावर पडला. भुजंगाच्या ओरडण्यानं माणसं गोळा झाली. त्यांनी त्याला झेंड्याच्याच बांबूनं मारलं. मारणाऱ्यातला एकजण म्हणत होता, "विद्यापीठाला नाव पाह्यजे, आता देवाच्या डोस्क्यावर बी चढायचं व्हय?" पंडित मार खाताखाता एकच सांगत होता की चकती काढून बघा, माझा बाप मरंल. त्याचं उजवं मनगट मोडलं. कॅप्टनसाहेब शेडच्या दारात उभे होते. ते पुन्हा बुटांकडे बघत होते.

पंडितला कामावरून काढलं. त्यानंच तार तोडली होती असं ठरलं, कारण काहीतरी ठरायला हवं होतं. कंपनीनंही विचारपूस केली नाही.

त्यानंतर तीनच दिवसांनी तात्याराव उसाच्या बांधावर कोसळला. त्या दिवशी वारा होता आणि विमान नेहमीपेक्षा खालून गेलं होतं. कुसुमबाई आणि वस्तीतल्या बायांनी त्याला बैलगाडीत घालून गंगाखेडला नेलं. तोंडातून फेस येत होता म्हणे. दवाखान्याच्या अलीकडेच तो गेला. शेडमध्ये ही बातमी आली तेव्हा व्यंकटराव चहा पीत होते. ते म्हणाले, "वय झालं व्हतं." मग दुसरा झेंडेवाला कुठून आणायचा यावर बोलणं सुरू झालं.

आता पुढचं ऐका, कारण खरी दुष्ट गोष्ट पुढंच आहे. त्या आठवड्यात कंपनीचे इंजिनियर आले. त्यांनी डबा बघितला, तार बघितली आणि पंडित म्हणाला होता तेच म्हणाले, वरचा अँटेना काढावा लागेल. या वेळी कुणीही शिडी धरून अडवलं नाही. पार्वतीबाईंनी नारळ दिला, व्यंकटरावांनी देवाला कौल मागितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चढा साहेब, बिनघोर चढा." इंजिनियरांनी माझे चार स्क्रू काढले, मला उलटंपालटं केलं आणि चाकूनं शेंदूर खरवडला. खाली चांदी निघाली. ते हसले.

"अरे, हा रंग कुणी दिला? एवढ्यानंच बहिरा झाला की हा."

सटवाजी तिथंच उभा होता. इंजिनियरांनी खोक्यातून नवा अँटेना काढून बसवला आणि थोड्या वेळात डब्यावर आकडे येऊ लागले. एक, तीन, पाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कॅप्टनसाहेब हळूच म्हणाले, "पंडितला बोलावून घ्यायचं का?"

"कशाला?" व्यंकटराव म्हणाले. "आता चालायलंय की."

मला त्यांनी कचऱ्यात टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी देव होतो. फाटकाजवळ लिंबाखाली सिमेंटचा वटा केला आणि मला त्यात बसवलं. भुजंग त्या वट्याचाही राखणदार झाला. पुढच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत पेढे वाटले, निळे झेंडे लागले. मी वाट बघत होतो की त्या आवाजांत पंडितचा आवाज येईल. तो आला नाही. त्यानं वस्ती सोडली होती. परभणीला एका दुकानात डाव्या हातानं रेडिओ दुरुस्त करतो असं भुजंग कुणालातरी सांगताना मी ऐकलं.

चौऱ्याण्णवचा दसरा आला. चांदी रंग निघाला. सटवाजीनं विमान पुन्हा रंगवलं, पण या वेळी नव्या अँटेनावर त्यानं कागद बांधला. व्यंकटरावांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला. झाल्या प्रकारातून कारखान्यानं घेतलेला धडा एवढाच. मला नवा शेंदूर लागला आणि माझ्यावर इतक्या जोरात नारळ आपटला की एका बाजूला शेंदराचा टवका उडाला.

दिवाळीनंतर पंडित आणि कुसुमबाई वस्तीत आले. तात्यारावाला जाऊन वर्ष झालं होतं, त्याच्या पुण्यानुमोदनाला ते आले होते. परत जाताना एसटीची वाट बघत ते फाटकासमोर थांबले. पंडितची नजर माझ्याकडं गेली. तो दोन पावलं पुढं आला.

"ए, वट्याला शिवू नको," भुजंग बाकड्यावरूनच म्हणाला.

पंडित तिथंच थांबला. टवका उडाला होता तिथं तो बराच वेळ बघत राहिला.

"कुसुम, चांदी रंग हाय खाली."

"आसंल. त्याचं काय आता?"

"मला वाटत व्हतं आत पाणी शिरलं, न्हाई तं काई जळालं. वर्षभर डोस्क्यात तेच घोळायलंय. त्याला काईच झालेलं न्हाई. वरून नुस्ता रंग दिलाय."

"मंजी?"

"मंजी रॉकेलच्या बोळ्यानं निगालं आसतं. थितंच, इमानावर. आबा झेंडा घेऊन निगायच्या आधी."

कुसुमबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "मंग सांगा की त्यायला जाऊन. आत बसलेत समदे."

"त्यायला ठावं हाय," पंडित म्हणाला.

एसटी आली. दोघं चढून गेले. भुजंगानं उठून माझ्यापुढची उदबत्ती सरळ केली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला जपा म्हणतात, धुळीत टाकू नका म्हणतात. मला जपायची गरज नाही, माझ्यावर छप्परसुद्धा घातलंय. आतून मी अजून शाबूत आहे. कुणी पुसलं तर आजही मला आकाश ऐकू येईल, पण देवाला पुसायला कुणी धजत नाही. मला तुमच्याकडून दुसरंच हवं आहे. उद्या तुमच्या शाळेतला पंखा बिघडेल, नळ बिघडेल. तो दुरुस्त करायला माणूस येईल आणि कुणीतरी त्याला म्हणेल, तू हात लावू नकोस. तेव्हा तुम्ही तिथं उभे असाल आणि तुम्हाला आपल्या बुटांकडे बघावंसं वाटेल. बघू नका. बोला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. तुम्ही गप्प राहिलात तर काम अडत नाही, कुणाच्या तरी बापाला ते अंगावर घ्यावं लागतं.